रत्नागिरी तिराह्यापासून बिशनखेडीपर्यंत

भोपाळच्या ईशान्येस, भेलच्या विस्तीर्ण कारखान्याच्या पलीकडे, अयोध्या नगर नावाची वसाहत आहे. शरयू तेथे नाही, आणि घाट म्हणावा असेही काही नाही. गृहनिर्माण मंडळाने आखलेले सेक्टर, त्यांना दिलेली इंग्रजी मुळाक्षरे, एकास एक लागून उभी असलेली घरे, आणि बहुतेक अंगणांत एखादा पेरू वा कढीपत्ता, असे तिचे रूप. वसाहतीच्या कडेने जाणारा बायपास जेथे रायसेन रोडला मिळतो, त्या ठिकाणाला रत्नागिरी तिराहा म्हणतात. या नावाची कुळकथा काहीही असो, रिक्षावाल्याने खड्या हिंदीत ‘रत्नागिरी, रत्नागिरी’ अशी आरोळी ठोकली की मराठी माणसाला क्षणभर आंब्याचा वास आल्यावाचून राहत नाही.

या भागात मराठी घरे पुष्कळ आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला, भोपाळ त्याची राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर कारकून-अधिकाऱ्यांची मराठी बिऱ्हाडेही इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरहून आली ती निराळीच. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि ब्रिटिश सहकार्याने येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९७४ साली ती भेलमध्ये विलीन झाली. ‘आमचे हे भेलमध्ये आहेत’ या वाक्याने नव्या सुनांची प्रथम थोडी करमणूक होई, पण पुढे त्याच भेलने दोन पिढ्यांचे संसार उभे केले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथील कंपनीच्या घरांतून निवृत्त होताना ज्यांना गावाकडे परतणे मानवले नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी अयोध्या नगरात घर घेतले. माझी थोरली बहीण आणि भाऊजी त्यांतलेच.

यंदा मी इंदूरहून त्यांच्याकडे गेले ती आठ दिवसांच्या विश्रांतीसाठी, पण माझ्या वाट्यास आली बंदुकीची चौकशी! ताईची नात तेरा वर्षांची. शाळेत कुणीतरी एअर पिस्तूल घेऊन प्रात्यक्षिक दाखविले, आणि तेव्हापासून ‘मला नेमबाजी शिकायची आहे’ हा एकच धोशा तिने लावला होता. बोलकी म्हणावी अशी ती मुलगी नव्हे. दोन वर्षांत शाळा बदलली, जुन्या मैत्रिणी सुटल्या, आणि ती अधिकच मुकी झाली. काही मागण्याची ही तिची पहिलीच वेळ. त्यामुळे घरात कुणाच्याच तोंडून एकदम ‘नाही’ निघेना, आणि पैशाकडे पाहून ‘हो’ही निघेना.

भाऊजींचा कल ‘हो’कडे होता, नव्हे, तो फारच पुढे गेला होता. शहरातील एका प्रशिक्षणवर्गात ते नातीला घेऊन गेले असता तेथील गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, मुलीला पुढे यायचे असेल तर स्वतःचे परदेशी पिस्तूल आताच घ्यावे, ते आम्हीच मिळवून देऊ. किंमत पावणेदोन लाख. भाऊजी मुदत ठेव मोडण्याच्या विचारात होते. सूनबाई शिक्षिका आहेत आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यांच्या पगारावर चालतो. त्या एवढेच म्हणाल्या, “बाबा, ही ठेव तुमच्या दोघांच्या आजारपणासाठी ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही.” त्या दिवशी जेवताना कुणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी, भाऊजी आणि नात अशी तिघे वही घेऊन निघालो. तीन ठिकाणी चौकशी केली. जे कळले ते येथे थोडे विस्ताराने लिहिते, कारण हा प्रश्न आता ठिकठिकाणच्या आपल्या घरांत निघू लागला आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. बंदूक म्हटली की परवाना, पोलीस आणि कचेरीचे हेलपाटे डोळ्यांपुढे येतात. दहा मीटरच्या नेमबाजीत मात्र बारूद नसतेच. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. हा व्यास आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती या मर्यादेतील हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. विकत घेताना दुकानदाराला ओळखपत्र मात्र द्यावे लागते. पंचवीस किंवा पन्नास मीटरवरील पॉइंट टू टू काडतुसांची नेमबाजी हे निराळे प्रकरण आहे. तेथे परवानाही आहे आणि खर्चही, पण नवशिक्याला त्याची चिंता पहिली दोन-तीन वर्षे करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, रायफल की पिस्तूल? बहुतेक पालक हा प्रश्न मुलाच्या आवडीवर सोडतात. तो सोडावाच, परंतु खिशाचाही त्याच्याशी संबंध आहे. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती तासभर उभ्याने पेलायची तर पाठीला आधार देणारे जाड, ताठ जाकीट, तशीच विजार, हातमोजा आणि सपाट तळाचे बूट लागतात. देशी बनावटीचा हा पोशाख आम्हाला पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान सांगितला. तेराव्या वर्षी अंगावर मापाचे शिवलेले जाकीट पंधराव्या वर्षी बसेल याची हमी कोणता शिंपी देणार? पिस्तुलाला यातले जवळजवळ काही नको. वजन साधारण किलोभर, एक हात खिशात आणि दुसरा समोर. आमच्या मुलीच्या मनात पिस्तूलच होते. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला तो मला स्पष्ट ऐकू आला.

आता लक्ष्याविषयी. रायफलीच्या कागदावर दहा गुणांचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे या मासिकातल्या एखाद्या अनुस्वाराएवढा. पिस्तुलाच्या लक्ष्याचे मध्यवर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, सदऱ्याच्या बटनाएवढे. अंतर दोहोंना सारखेच, दहा मीटर, म्हणजे तेहतीस फुटांना दोन इंच कमी. स्पर्धेत साठ नेम आणि त्यांसाठी सव्वा तास. सव्वा तास एका जागी उभे राहून श्वास, बोट आणि मन यांना एका वेळी आवरणे हा खरा खेळ. गोळी सुटणे हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे, असे एका प्रशिक्षकांनी सांगितले.

आम्ही शेवटी पसंत केलेला वर्ग घरापासून पायी पंधरा मिनिटांवर, एका इमारतीच्या तळघरात आहे. लांबट खोली, पाच-सहा नेमजागा, पलीकडे दिव्यांच्या प्रकाशात कागदी लक्ष्ये, आणि शाळेतल्याहून कडक शिस्त. नळी सदैव लक्ष्याकडे, आज्ञेशिवाय छर्रा भरायचा नाही, शस्त्र खाली ठेवताना ते रिकामे असल्याचे दिसले पाहिजे. आत खाणेपिणे नाही, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुतल्याशिवाय सुटका नाही, कारण छर्रे शिशाचे असतात आणि शिसे पोटात जाऊ देण्याची वस्तू नव्हे. ज्या वर्गात हात धुण्याची सोय दाखवीत नाहीत तेथे मुलाला घालू नये, असे माझे मत झाले. तेथील चकचकीत काचा आणि भिंतीवरची ढाली पाहून आपण भुलतो, पण बेसिन कुणी पाहत नाही.

या वर्गाचा हिशेब असा पडला. प्रवेशशुल्क एकदाच, २,००० रुपये. मासिक शुल्क ३,०००, त्यात शिकाऊ पिस्तूल वर्गाचे. आठवड्यातून चार दिवस, दररोज साठेक छर्रे, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास. साध्या छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा ५०० रुपयांना, म्हणजे एक नेम एक रुपया. परदेशी छर्रे घेतले तर हाच नेम दोन रुपयांवर जातो, पण ज्याचे छर्रे अजून काळ्या वर्तुळाबाहेर पडतात त्याला जर्मन छर्रा काय आणि देशी काय! कागदी लक्ष्य तीन रुपयांना. एकावर दहा छर्रे मारले तर महिन्याला शंभर कागद, ३०० रुपये. तीन महिन्यांची बेरीज भाऊजींनी तेथेच बाकावर बसून केली. प्रवेशाचे २,०००, शुल्काचे ९,०००, छर्ऱ्यांचे ३,०००, कागदांचे ९००. एकूण १४,९००. पंधरा हजारांना शंभर कमी. वाहनखर्च शून्य.

शहर बदलले, वर्ग बदलला की हे आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही. जाहिरातीत मासिक शुल्क तेवढे मोठ्या अक्षरांत असते. छर्रे, कागद आणि रिक्षा हे तिघे त्याच्या मागून येतात आणि बहुधा त्याच्याएवढेच घेऊन जातात. विचारायचे ते असे: शस्त्र वर्गाचे मिळेल काय? किती मुलांमागे एक? छर्रे बाहेरून आणलेले चालतील काय? आणि मध्येच सोडले तर पुढच्या महिन्यांचे पैसे परत मिळतील काय? या शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणच्या व्यवस्थापकांना एकाएकी फोन आला आणि ते आत गेले, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

स्वतःचे शस्त्र केव्हा घ्यावे? वाल्थर, स्टायर, फाइनवेर्कबाऊ, मोरिनी ही नावे या मुलांच्या तोंडी आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटींची असावीत तशी असतात. चांगले परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते, रायफल त्याहून वर. जुने घेणारे बरेच आहेत, आणि त्यात गैर काही नाही. मात्र हवेच्या नळकांड्यावर त्याची तारीख कोरलेली असते ती आधी पाहावी. त्यात दोनशे बारच्या दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट, आणि अशा नळकांड्याचे आयुष्य बनविणारे बहुधा दहा वर्षांचे ठरवून देतात. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेल्या पिस्तुलाचे नळकांडे संपत आले असेल तर ती स्वस्ताई नव्हे.

या बाबतीत कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे उदाहरण मी भाऊजींना दिले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. वडील शिक्षक. २००९ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, आणि स्वतःची पहिली रायफल त्याने घेतली ती २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागल्यावर. म्हणजे घडणीची कित्येक वर्षे त्याची दुसऱ्यांच्या शस्त्रांवरच गेली. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ठेव राहू दे.” सूनबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी भांडी आपटणे थांबविले, यावरून त्यांनी ऐकले असे मी धरले.

शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. मुलीच्या जातीच्या हाती बंदूक कशाला? त्यांना मी नावांची माळच ऐकविली. एन.सी.सी.तून या खेळाकडे वळलेल्या मुंबईच्या अंजली भागवत २००२ साली जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला गेल्या, आणि याच दीपालीबाई पुढे स्वप्नीलच्या प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळविले. आणि भोपाळात तर हा प्रश्न विचारूच नये. येथील नवाबघराण्यातील आबिदा सुलतान शंभर वर्षांपूर्वी बंदूक घेऊन जंगलात फिरत होत्या. अर्थात ती शिकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संपली, हे उत्तमच झाले. कागदाच्या वाघाला मारण्यात पाप नाही.

याच चौकशीत एक नाव पुनःपुन्हा कानी पडले. जिल्हा, मग राज्य, मग ‘मावलंकर’, मग राष्ट्रीय स्पर्धा, असा क्रम प्रत्येकजण सांगे. आमच्या नातीलाही ‘मावलंकर’ हे एखाद्या परीक्षेचे नाव वाटत होते. मी तिला म्हटले, “अगं, मावलंकर नव्हे, मावळंकर. माणसाचे नाव आहे ते.” इकडच्या मुलांच्या जिभेवरून ‘ळ’ कधी निसटतो ते कळतही नाही. दुकानावरच्या हिंदी पाट्यांत तो नसतो, शाळेच्या पुस्तकात नसतो, मग बिचारा राहणार कुठे? गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. ते १८८८ साली बडोद्यात जन्मले, अहमदाबादेत वकील झाले, गुजराती समाजात दादासाहेब म्हणून मान्यता पावले, १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५६ मध्ये त्या पदावर असतानाच वारले. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. गांधीजींच्या सहवासातला हा सत्याग्रही गृहस्थ नेमबाजीच्या संघटनेचा जनक असावा, याचे प्रथम नवल वाटते. पण लोकशाहीतल्या नागरिकाच्या हातालाही शिस्त असावी असे त्यांना वाटले असेल तर ते त्यांच्या स्वभावाशी विसंगत नव्हते. आज देशभरातली होतकरू मुले राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून जातात. महाराष्ट्राबाहेर जन्मून, बाहेरच कर्तृत्व गाजवून गेलेल्या या मराठी माणसाचे नाव आपल्या मुलांना निदान नीट उच्चारता यावे.

रविवारी आम्ही सर्वजण बिशनखेडीस गेलो. अयोध्या नगर शहराच्या एका टोकाला आणि हे गाव दुसऱ्या. पिपलानी, गोविंदपुरा ओलांडून, नव्या भोपाळच्या चढउताराच्या रस्त्यांनी भदभद्याकडे यायचे, राष्ट्रीय न्यायिक अकादमी मागे टाकायची, आणि मग शहर एकदम संपते. भोज राजाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा तलाव येथे शेताच्या बांधापर्यंत येऊन टेकलेला दिसतो. बगळे, म्हशी, गव्हाची शेते, आणि त्यांच्यामध्ये गोरा गावाच्या हद्दीत मध्यप्रदेश राज्य नेमबाजी अकादमीच्या लांबच लांब इमारती. २००७ साली ही संस्था सुरू झाली. २०२३ च्या मार्च महिन्यात रायफल-पिस्तुलाची विश्वचषक स्पर्धा येथेच भरली होती. तीत सरबज्योत सिंगने एअर पिस्तुलात सुवर्ण आणि आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने एअर रायफलीत कांस्य मिळविले. खरगोन जिल्ह्यातील रतनपूर या खेड्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर याच अकादमीत घडला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्वप्नील, अखिल शेरॉन आणि तो या तिघांनी सांघिक सुवर्ण आणले. एक शेतकऱ्याच्या गावातला, एक शिक्षकाच्या घरातला.

अकादमीत निवड झालेल्या मुलांचा राहण्याजेवण्याचा, शिक्षणाचा आणि शस्त्रांचा भार शासन उचलते. निवड चाचणीने होते, आणि चाचणीस येणाऱ्यांच्या मानाने जागा थोड्या. पण पावणेदोन लाखांच्या पिस्तुलाचे स्वप्न विकणाऱ्या त्या गृहस्थांनी या संस्थेचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता, ती घरापासून पंचवीस-एक किलोमीटरवर असताना! आम्ही फाटकापाशीच होतो. आतून टप्-टप् असा पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा आवाज येत होता. मुलगी कुंपणाला धरून बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग तिने आईला विचारले, “चाचणीला किती गुण लागतात?” आई म्हणाली, “आधी तीन महिने पूर्ण कर, मग विचारू.” दोघींच्या बोलण्यात त्या आठवड्यातले हे सर्वांत लांब संभाषण असावे.

सर्वांत स्वस्त सराव घरीच होतो, हेही येथे सांगून टाकते. वर्गाकडून रिकामे पिस्तूल घरी मिळत नाही, आणि घरात छर्रा उडविणे तर कदापि होऊ देऊ नये. परंतु पिस्तुलाच्या वजनाची पाण्याची बाटली हाती धरून, भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत हात स्थिर ठेवणे, श्वास निम्मा सोडून थांबणे, आणि हात न हलविता मनात दहा अंक मोजणे, एवढे रोज वीस मिनिटे करायला सांगितले आहे. भाऊजींनी फितीने मोजून पाहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून अंगणाच्या फाटकापर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. आता फाटकाशेजारच्या भिंतीवर एक काळा ठिपका आहे, आणि संध्याकाळी सहा ते सहा-वीस त्या वाटेने कुणी जायचे नाही असा नियम आहे. दूधवाल्यालाही तो लागू आहे.

मी इंदूरला परतल्यावर ताईचे पत्र आले. हल्ली पत्र लिहिणारी ती आमच्या घरात एकटीच उरली आहे. सोबत पहिल्या आठवड्याचा एक कागद घडी करून पाठविला होता. दहा छर्ऱ्यांपैकी सात काळ्यात, तीन बाहेर, एक तर पार कोपऱ्यात. मागे मुलीने पेन्सिलीने लिहिले होते, ‘मावशीआजी, हे दहा रुपयांचे आहेत. कागदाचे तीन वेगळे.’